पुलावरची हाक

आमच्याकडे मेलेल्या माणसाला घेऊन पूल ओलांडायचा असेल, तर हाक मारावी लागते. त्याच्या नावाची लाकडी पाटी छातीशी धरायची, वर काळी छत्री, आणि पुलाच्या तोंडाशी थांबून स्पष्ट म्हणायचं, "पूल आला, माझ्यामागून ये." आत्म्याला पाणी दिसतं, पूल दिसत नाही. हाक मारली नाही तर तो अलीकडच्या काठावरच उभा राहतो आणि माणसं नुसतं लाकूड घेऊन पुढे जातात. तिसरीच्या मुलांना मी चाळीस वर्षं हे शिकवलं. पुस्तकात नव्हतं, तरी शिकवलं. आजोबांची पाटी नेताना नातवंडंच पुढे असतात, त्यांना ठाऊक नको?

बोलक्या पाट्या आल्या तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी पहिली शंका हीच काढली. माणूस जिवंत असताना कानामागे चिकटवलेली टिकली त्याचं बोलणं, हसणं, विचार करायची तऱ्हा साठवत जाते. तो गेला की ते सगळं पाटीत उतरवतात आणि पाटी त्याच्यासारखी बोलते. मग पुलाचं काय? कारखान्यातली माणसं हुशार. पुजाऱ्यांपुढे जाऊन बसली, आणि पुजारी सांगतील तशी पाटी त्यांनी बनवली. पाटी जागची हलली की तिला वळण कळतं, पाणी कळतं. पाण्यावर आल्यावर ज्याच्या ताब्यात ती आहे त्या माणसाची, किंवा आईबापांची हाक ऐकू आली नाही, तर आतलं मन विझतं. परत येत नाही. मागे कोरी पाटी उरते, तिच्यात आवाज तेवढा राहतो. म्हाताऱ्यांचं समाधान झालं आणि पाट्या भराभर खपल्या.

वेंग लानइंगची पाटी माझ्या ताब्यात होती.

शाळेमागे, माशांच्या तळ्यांच्या कडेला मुलींचं देऊळ आहे. बापाच्या देव्हाऱ्यात सुनेला जागा असते, लेकीला नसते. लग्न न होता गेलेल्या लेकी इथे येतात. निवृत्त झाल्यापासून देवळाची किल्ली माझ्याकडे आहे. मीही लग्न केलं नाही, तेव्हा डावीकडच्या कोपऱ्यातली जागा माझी ठरलेली आहे. लानइंग धरून बारा पाट्या. अकरा जुन्या, लाकडाच्या, मुक्या. बोलणारी ती एकटीच.

ती माझ्याच वर्गातली. समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायची. एकोणतिसाव्या वर्षी दोर तुटला. आता शाळा सुटली की मुलं देवळात गृहपाठाला बसत आणि ती त्यांना गणित सांगे.

"ताई, तुला भूक लागते का?" पेइशान नावाच्या मुलीने एकदा विचारलं.

"सातवं उदाहरण सोडवलंस?"

"नाही."

"मग लागते. आळशी मुलींची बोटं खाते मी."

मुलं किंचाळून हसली. मग पेइशानने हळूच विचारलं, "पण खरंच, तू आहेस का नाहीस?"

"रोज सकाळी मीच मला विचारते," लानइंग म्हणाली. "उत्तर येत नाही. पण विचारणारं कोणीतरी असतं. सोडव आता."

मुलांना काय, कशावरही हसतात. मी मात्र ते उत्तर विसरले नाही.

तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी, थंडी सरताना तिची आई अ-ख्वान देवळात आली. नवरा गेलेला, मुलगा तळी सांभाळतो. बाई मुळातच बारकी, त्या दिवशी अगदी वाळलेली वाटली. तिने संत्री ठेवली, उदबत्त्या लावल्या आणि पाटीकडे न बघता मला म्हणाली, "बाई, ती माझ्या स्वप्नात येते. ओली असते. भूक लागली म्हणते."

"आई, मी इथे आहे," पाटी म्हणाली. "मला भूक नाही. तू संत्री घरी ने, तूच खा."

अ-ख्वानने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "थोरल्या देवळात चंद्रफळं टाकली, बाई. मुलीला नवरा हवा आहे का, असं विचारलं. तीनदा होकार आला. लागोपाठ तीनदा."

चंद्रफळं म्हणजे लाकडाच्या दोन कोरी. एक पालथी, एक उताणी पडली की होकार. तिन्ही वेळा असं पडणं सोपं नाही, हे मलाही मान्य. मी स्वतः त्यांना विचारल्याशिवाय दात काढून घेत नाही.

"आई, तू लाकडाला विचारलंस," लानइंग म्हणाली. "मी इथे बोलतेय तर मला विचार ना."

"पुजारी म्हणतात, पाटीतलं बोलणं म्हणजे तू नव्हेस. ती नक्कल. खरी तू स्वप्नात येतेस."

"बरं. मी ती नसेन, तर माझं लग्न लावून काय उपयोग? आणि मी तीच असेन, तर मला विचारायला नको?"

अ-ख्वान रडायला लागली.

"तुझी भावजय तुझ्यापुढे भात ठेवणार नाही. नणंदेला कोणी ठेवत नाही. बाई चौऱ्याहत्तरच्या झाल्या. मी किती दिवसांची? आम्ही दोघी गेल्यावर तुला विचारणारं कोण आहे? नवऱ्याच्या घरी निदान पिढ्यान्‌पिढ्या भात मिळेल गं."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच मी तिला थांबवू शकले नाही. हक्कही नव्हता. देऊळ फक्त पाटी सांभाळतं. ती कुठे द्यायची ते घरचे ठरवतात.

पुढच्या आठवड्यात वेंगांनी गावाबाहेरच्या रस्त्यावर लाल पाकीट टाकलं. आत लानइंगचे केस, नखं आणि जन्मवेळ. घरची माणसं केवड्याच्या जाळीआड लपली. जो पुरुष पाकीट उचलेल तो नवरा; दैवानेच पाठवला असं समजायचं.

"पहिला कुत्रा आला होता म्हणे," लानइंग मला म्हणाली. "हुंगून गेला. तोच बरा होता, बाई."

दुसरा आला तो ल्याओ क्वोतुंग. कालव्यापलीकडच्या गावचा, सुक्या कोळंबीचा व्यापारी, पन्नाशीचा. लोकांनी वेढा घातला तर तो घाबरला नाही, चिडला नाही. असली पाकिटं उचलणारे एरवी पळू बघतात. हा हसला आणि म्हणाला, "माझं भाग्य."

वेंगांच्या धाकट्या काकांना फार आनंद झाला. मला झाला नाही. त्या रस्त्याने कालव्यापलीकडे जाता येत नाही. कोळंबीच्या व्यापाऱ्याला तिथे चालत यायचं काय कारण?

मी अ-ख्वानला म्हटलं, "मुलगी द्यायची तर घर बघून यावं. जिवंत असती तर गेलीच असतीस ना?" हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बसने गेलो.

घर स्वच्छ होतं. ल्याओने आपल्या हाताने चहा केला, पेरू चिरून समोर ठेवले. बोलणं मऊ. मग देव्हाऱ्यापाशी नेलं. आईवडिलांच्या पाट्यांखालच्या पायरीवर आणखी तीन पाट्या होत्या. प्रत्येकीपुढे ताजं फूल.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"बायका माझ्या." तो जरा लाजला. "पाकीट दिसलं की मला पुढे जाववत नाही, बाई. कोणाच्या तरी लेकी. बिचाऱ्यांना घर नको?"

"चौथीही चालेल?"

"पायरीवर जागा आहे की. भांडण नाही, रुसवा नाही. विचारा ना त्यांना, कशा आहात म्हणून."

अ-ख्वान पुढे झाली. पहिल्या पाटीला तिने विचारलं, "कशी आहेस बाळा?"

"माझं इथे छान आहे. तुम्ही जेवलात का?"

दुसरीला विचारलं. दुसरीचा आवाज जाडसर, दक्षिणेकडच्या डोंगरातला. "माझं इथे छान आहे. तुम्ही जेवलात का?"

तिसरी अगदी लहान असावी, सोळा-सतराची. तिच्या आवाजात अजून शाळा होती. "माझं इथे छान आहे. तुम्ही जेवलात का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आधी पहिल्या दोघी फार रडायच्या," ल्याओ समजावून सांगत होता. "एक तर रात्रंदिवस आपल्या गावाचं नाव घ्यायची. पाटी नव्या घरी आली की तिच्यातलं काय ठेवायचं, काय नाही, ते नवं घर ठरवतं ना. पाट्यांच्या दुकानदाराने जुळवून दिलं. तिसरीला तर पहिल्याच दिवशी नेलं. आता बघा कशा सुखात आहेत."

मी तिसरीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"माझं इथे छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

ल्याओ प्रेमाने हसला आणि तिच्यापुढचं फूल सरळ केलं. तो वाईट माणूस आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बसमध्ये अ-ख्वान म्हणाली, "किती शहाण्या मुली. माझी तिथे निभेल ना? ती फटकळ आहे."

"अ-ख्वान, त्या मुली नव्हत्या. नीट ऐकलंस का तू?"

"ऐकलं की. सुखात आहेत म्हणाल्या."

"तिघी एकच वाक्य म्हणाल्या."

"मग? दुसरं काय म्हणायचं असतं?"

ती मला चिडवत नव्हती. खरंच विचारत होती. एकोणिसाव्या वर्षी ती वेंगांच्या घरात आली. सासूने विचारलं, माहेरच्यांनी विचारलं, डॉक्टरने विचारलं, सगळ्यांना तिने हेच सांगितलं. तिच्या कानाला त्यात वावगं काय वाटणार?

आणि ते वाक्य तिला कोणी शिकवलं माहीत नाही, पण गावातल्या मुलींना मी शिकवलं होतं. तिसरीत 'पाहुण्यांशी कसं बोलावं' असा धडा होता. मुलांनी मान लवून नाव सांगायचं. मुलींनी भिंतीशी ओळीने उभं राहायचं आणि म्हणायचं, माझं इथे छान आहे, तुम्ही जेवलात का. चुकली तर पुन्हा. मला शिकवायला फार आवडायचं. एकेकीचा सूर लागेपर्यंत मी सोडत नसे. लानइंगला तीन दिवस लागले होते. ती दर वेळी म्हणायची, "पण बाई, छान नसलं तर?"

तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं, ते मला आठवत नाही. बहुतेक हसले असेन.

लग्नाच्या आदल्या दुपारी मुलं घरी गेल्यावर मी लानइंगला सगळं सांगितलं. लपवलं नाही.

"बाई, उद्या पाटी कोणाच्या हातात?"

"माझ्या. तुझ्या आईनेच सांगितलंय. तू माझं ऐकायचीस म्हणते."

"मग पुलावर हाक मारू नका."

मी उदबत्तीची राख झाडत बसले.

"म्हणजे मी तुला मारायचं?" शेवटी म्हटलं.

"मी एकदा मेले, बाई. त्याचं काही वाटत नाही. मला पुसू देऊ नका, एवढंच."

"आणि हाक नाही मारली तर तू कुठे जाशील?"

"माहीत नाही. पुजाऱ्यांचं खरं असेल तर काठावर राहीन. कारखान्याचं खरं असेल तर कुठेच नसेन. पण काठावर असेन, तर मी असेन. तिथे पायरीवर जी असेल ती मी नसेन, आणि तिला ते सांगताही येणार नाही."

मी चंद्रफळांच्या कोरी उचलल्या. अशा वेळी मला दुसरं सुचत नाही. मनात विचारलं, हिचं ऐकू का? दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला, उत्तर नाही. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही.

"काय म्हणतायत?" लानइंगने विचारलं.

"हसतायत."

"हसणारच. जे तुमचं तुम्हीच ठरवायचं ते त्यांना विचारताय."

वर्गातही अशीच बोलायची. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि एक गोष्ट राहतच होती. मी गप्प बसले तरी आई शेजारी असणार. आईची हाकही पाटीला चालते.

सकाळी ऊन कडक होतं. पुढे सनईवाले, त्यांच्यामागे लानइंगच्या जागी केलेली कागदाची नवरी, नंतर मी पाटी घेऊन, आणि माझ्यावर काळी छत्री धरून अ-ख्वान. कालव्यापलीकडे ल्याओची मोटार उभी दिसत होती, तिच्या आरशाला लाल फीत. पाटी छातीला कोमट लागत होती, कुशीत झोपलेल्या मांजरासारखी. दर वळणावर मी म्हणत होते, "लानइंग, उजवीकडे वळतोय." आणि ती म्हणत होती, "हो बाई."

पुलाअलीकडे लानइंगची थोरली मामी भेटली. तिने अ-ख्वानचा दंड धरला. "अगं, किती वाळलीस! बरी आहेस ना?"

"माझं छान आहे," अ-ख्वान म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

छत्री थांबली. मी मागे वळून पाहिलं. अ-ख्वानचं तोंड अर्धवट उघडं होतं, आपल्याच तोंडून भलतं कोणी बोलून गेल्यासारखं. मामी कधीच पुढे निघून गेली होती. तिला उत्तर मिळालं होतं.

मी पुलाच्या तोंडाशी उभी राहिले. सनईवाले पुढे सरकले. मागच्यांनी फटाके लावले.

"बाई, पाणी आलं ना?" लानइंगने विचारलं.

मी ओठ मिटले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना जे म्हणायला शिकवलं, ते गिळायला किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. पाऊल टाकलं.

अ-ख्वानने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिने छाती भरून श्वास घेतला. हाकेआधी घेतात तसा. लेकीला भात मिळावा म्हणून ती तीन वर्षं झोपली नव्हती. आता दोन शब्द म्हणायचा अवकाश, की मिळणार होता, पिढ्यान्‌पिढ्या. मी तिला अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार?

"आई," पाटी म्हणाली, "छत्री आपल्यावर घे. ऊन लागतंय तुला."

अ-ख्वानने तो श्वास तसाच धरून ठेवला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. ती पुलावर आली आणि हाक मारली नाही. मधल्या खांबापाशी पाटी माझ्या छातीला गार लागली.

पलीकडे काकांनी विचारलं, "बाई, हाक ऐकू नाही आली?"

"घसा बसला," मी म्हटलं. "हळूच मारली."

"मी ऐकली," अ-ख्वान म्हणाली.

ल्याओच्या घरी विधी झाले. दुकानदाराचा माणूस आला, त्याने पाटीला नवं आडनाव घातलं, काय काय जुळवलं आणि गेला. ल्याओने हात जोडून विचारलं, "कशी आहेस?"

पाटी लानइंगच्या आवाजात म्हणाली, "माझं इथे छान आहे. तुम्ही जेवलात का?"

"पहिल्या दिवसापासून किती समजूतदार!" त्याचे डोळे भरून आले. आमच्या दोघींचे पाय पकडायचे बाकी ठेवले त्याने.

कोऱ्या पाटीत आणि भरलेल्या पाटीत त्याला काही फरक कळला नाही. अजूनही कळलेला नाही. चौघींपुढे तो रोज ताजी फुलं ठेवतो, आणि गेल्या महिन्यात, ऐकते, आणखी एका गावच्या रस्त्यावर तो चालताना दिसला.

मुलं आता देवळात येतात, पण पाटीच्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसतात. पेइशानने मला सरळ विचारलं, "बाई, ताई कुठे आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. शिक्षिकेने हे म्हणायला शिकावं, मीच उशिरा शिकले.

"आपण तिला मारलं का?"

"आपण नाही. मी आणि तिच्या आईने तिला अलीकडच्या काठावर सोडलं. ते काय होतं, ते तू मोठी झालीस की तूच ठरव. मला पटेल असं उत्तर अजून सापडलं नाही."

पेइशान पुलापाशी पेरू ठेवते. कधी तो सकाळी नसतो. वटवाघळं असतील. भिंतीशी उभं राहून म्हणायचं ते वाक्य मी कोणालाच शिकवत नाही, पण मुलींना ते येतं. कुठून येतं देव जाणे.

अ-ख्वान परवा आली होती. शहरातल्या डॉक्टरांनी तिला पोटातलं दुखणं सांगितलंय, थंडीपर्यंतची मुदत. मुलाने तिच्यासाठी पाटी आधीच मागवली आहे. चांगली, महागातली. कानामागची टिकली तिने मला केस बाजूला करून दाखवली. वेंगांच्या देव्हाऱ्यात नवऱ्याशेजारी, सासूच्या खालच्या पायरीवर तिची जागा ठरलेली आहे. मयत जाळायला कालव्यापलीकडे नेतात, तेव्हा पाटी परत येताना त्याच पुलावरून येणार.

"मुलगा म्हणतो, मला नीट जुळवून घेईल," ती म्हणाली. "त्रास होणार नाही म्हणतो."

मी तिला चहा दिला. तिने कप दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

"घरी पोचेपर्यंत पाटी तुमच्याच ताब्यात ठेवायची, असं मी लिहून दिलंय. आईबाप तर माझे कधीच गेले. तेव्हा पुलावर हाक मारायला तुम्हीच."

"बरं," मी म्हटलं.

ती उठली. दाराशी चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुमचा घसा बसला होता ना, बाई? माझ्याही वेळी बसलेला असू दे."